जड तारे कसे घडतात: रेणूंचे मेसर काय दाखवतात आणि काय लपवतात

आर्द्रा:

सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्यांना या धाग्यापुरते 'जड तारे' म्हणू. दीर्घिकेतल्या एकूण ताऱ्यांत त्यांची संख्या नगण्य आहे, पण आसपासचा वायू आयनित करणे, ऑक्सिजनसारखी मूलद्रव्ये अवकाशात विखुरणे आणि अखेरीस अतिनवताऱ्याच्या रूपाने स्फोट पावणे ही कामे तेच करतात. तरीही त्यांच्या जन्माबद्दलची आपली समज सूर्यासारख्या ताऱ्यांच्या तुलनेत बरीच मागे आहे. मुळात हे तारे विरळ, म्हणून दूर. मृगातील तेजोमेघाला लागून असलेले, त्यातल्या त्यात जवळचे जन्मस्थानच सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर आहे आणि बाकीची बहुतेक हजारो प्रकाशवर्षांवर आहेत. शिवाय ते घाईने घडतात. वस्तुमान गोळा करणे चालू असतानाच त्यांच्या गाभ्यात हायड्रोजनचे ज्वलन सुरू होते, त्यामुळे उघड्यावर दिसेल असे बालपण त्यांना नसतेच. हा सगळा काळ ते धुळीच्या इतक्या दाट वेष्टनात काढतात की दृश्य प्रकाश तर सोडाच, पुष्कळदा जवळचा अवरक्त प्रकाशही बाहेर पोचत नाही.

सैद्धांतिक अडचणही आहे. एवढ्या तेजस्वी आदिताऱ्याचा (अजून घडत असलेल्या ताऱ्याचा) प्रारणदाब, म्हणजे प्रकाशाचा दाब, धुळीवर पडतो आणि आत येणाऱ्या वायूला बाहेर रेटतो. वायू सगळीकडून सारखाच कोसळतो असे धरले, तर सूर्याच्या काही दहापट वस्तुमानापुढे ताऱ्याची वाढच थांबायला हवी, पण त्याहून जड तारे तर दिसतात. वायू चकतीतून आत येतो आणि प्रकाश ध्रुवांकडच्या मोकळ्या वाटांनी निसटतो, असे मानले की अडचण बरीच सैल होते. मग प्रश्न उरतो तो ही चकती प्रत्यक्ष पाहण्याचा, आणि इथेच मेसर उपयोगी पडतात.

मेसर म्हणजे सूक्ष्मलहरींतला लेसर. १९५४ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठात अमोनियाचे रेणू वापरून पहिला मेसर चालवला, आणि अवघ्या दहा-अकरा वर्षांत तो आकाशातही सापडला. १९६५ मध्ये बर्कलीच्या रेडिओ खगोलज्ञांना तेजोमेघांच्या दिशेने हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या एकेका अणूच्या रेणूच्या) १,६६५ मेगाहर्ट्झच्या रेषेवर, म्हणजे त्या रेणूच्या एका ठरावीक वारंवारतेवर, असे उत्सर्जन मिळाले, ज्याची तीव्रता आणि रेषांमधले प्रमाण कोणत्याही नेहमीच्या गणितात बसेना. काही काळ त्याला 'मिस्टेरियम' म्हटले गेले. १९६९ मध्ये पाण्याच्या वाफेचा २२.२३५ गिगाहर्ट्झचा मेसर प्रसिद्ध झाला, त्या गटात टाउन्स स्वतः होते. १९९१ मध्ये कार्ल मेंटेन यांनी मिथेनॉलची ६.७ गिगाहर्ट्झची रेषा शोधली. आपल्या विषयासाठी ती सर्वांत महत्त्वाची, कारण ती जवळपास केवळ जड ताऱ्यांच्या जन्मस्थानीच आढळते. ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने दीर्घिकेच्या प्रतलाचे जे सर्वेक्षण केले, त्यात असे जवळजवळ एक हजार स्रोत नोंदले गेले.

या रेषेमागची यंत्रणा जरा जवळून पाहण्यासारखी आहे. थंड मेघात धुळीच्या कणांवर बर्फाचे थर बसतात. त्या थरांत कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन जोडला जाऊन मिथेनॉल तयार होते. आत आदितारा तापू लागला, धूळ सुमारे १०० केल्विनपर्यंत गेली, की बर्फ उडून जातो आणि मिथेनॉल वायुरूपात येते. हीच गरम धूळ अवरक्त प्रकाश सोडते. तो शोषून रेणू वरच्या पातळ्यांवर जातात, आणि पायरीपायरीने खाली उतरताना ६.७ गिगाहर्ट्झच्या जोडीतल्या वरच्या पातळीवर खालच्यापेक्षा अधिक रेणू साठतात. अशा वायूतून त्याच वारंवारतेची लहर गेली की ती वाटेतल्या अंतराबरोबर घातांकी वेगाने वाढत जाते. थोडक्यात, जी धूळ ताऱ्याला आपल्यापासून लपवते, तीच मेसरला ऊर्जा पुरवते, आणि मेसरच्या रेडिओ लहरी त्या धुळीतून विनासायास बाहेर पडतात.

सगळे मेसर मात्र असे चालत नाहीत. पाण्याच्या मेसरला आणि मिथेनॉलच्या ३६, ४४ व ९५ गिगाहर्ट्झच्या रेषांना ऊर्जा मिळते ती टकरींतून, म्हणजे ताऱ्यातून निघालेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो त्या ठिकाणी. मिथेनॉलचे दोन वर्ग पडतात ते यामुळेच: टकरींवर चालणारा पहिला आणि प्रारणावर चालणारा दुसरा.

मेसरांचे नकाशे काढणे हे या क्षेत्राचे पारंपरिक काम असले, तरी माझ्या मते गेल्या दहा वर्षांत नकाशांपेक्षा मेसरांच्या बदलांनी अधिक शिकवले आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. तोवर प्रश्न आणि आक्षेप यावेत.

शंकासुर:

मांडणी आवडली, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की, चिलीतील आल्मासारखी दुर्बीण आज मिलिमीटर लहरींत धूळ आणि वायू थेट पाहते. मग मेसरसारख्या बेभरवशाच्या प्रकाशावर विसंबण्याचे कारण काय? दुसरी अधिक मूलभूत आहे. वाटेतल्या अंतराबरोबर लहर घातांकी वेगाने वाढते असे तुम्हीच म्हणता. तर मग नकाशात जो तेजस्वी ठिपका दिसतो तिथे खरोखर वायूचा काही गोळा असतो, की आपल्या दृष्टिरेषेवर योगायोगाने लांब, एकाच वेगाचा पट्टा आला म्हणून तो चमकतो?

आर्द्रा:

पहिल्या शंकेचे उत्तर विभेदनक्षमतेत आहे. मेसरची दीप्ती इतकी प्रचंड असते (तापमानाच्या भाषेत पाण्याच्या काही मेसरांची समतुल्य दीप्ती १०^१५ केल्विनपर्यंत जाते) की खंडोखंडी पसरलेल्या दुर्बिणी जोडून, ज्याला व्हीएलबीआय म्हणतात त्या पद्धतीने, विकलेच्या (अंशाच्या ३,६००व्या भागाच्या) हजाराव्या भागापर्यंतचे तपशील पाहता येतात. एक हजार पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) अंतरावर विकलेचा हजारावा भाग म्हणजे बरोबर एक खगोलीय एकक, म्हणजेच पृथ्वी ते सूर्य एवढे अंतर. धुळीचे नेहमीचे उष्ण उत्सर्जन या पद्धतीला फारच फिके पडते. त्याखेरीज मेसरची रेषा अत्यंत अरुंद असते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा दृष्टिरेषेतला वेग डॉप्लर परिणामावरून सेकंदाला एक किलोमीटरहूनही बारीक अचूकतेने मिळतो. काही महिन्यांनी पुन्हा पाहिले की आकाशाच्या पटलावरचे सरकणेही मोजता येते. आल्मा आणि मेसर यांत निवड करण्याचा प्रश्न येत नाही. आल्मा संपूर्ण परिसर दाखवते, मेसर त्यातले काही बिंदू अतिशय बारकाईने दाखवतात.

दुसरी शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर अर्धवटच देता येते. ठिपका म्हणजे वेगाची सुसंगती जिथे पुरेशी लांब टिकते ती जागा. ती वेगळ्या घनतेची असेलच असे नाही. तरीही पाण्याच्या मेसरचे ठिपके वर्षानुवर्षे एका दिशेने सरळ रेषेत सरकतात, त्यांच्या गती एकमेकींशी जुळतात आणि त्यांवरून काढलेली अंतरे इतर पद्धतींशी मिळतात. ते केवळ दृष्टिरेषेचे खेळ असते, तर एवढी शिस्त दिसली नसती. मिथेनॉलबाबत मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. ठिपक्यांच्या आकाराबद्दल आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांबद्दल तर मुळीच नाही, कारण मेसर दिसत नाही म्हणजे वायू नाही, असा निष्कर्ष कधीच काढता येत नाही.

जुना निरीक्षक:

याच मुद्द्यावर या क्षेत्रात एक मोठा वाद होऊन गेला आहे, आणि चकत्यांविषयी बोलताना तो टाळता येणार नाही.

१९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील रे नॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मिथेनॉलचे ठिपके अनेक स्रोतांत एका रेषेत मांडलेले असतात आणि रेषेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वेग क्रमाने बदलतो. कडेवरून दिसणारी फिरती चकती अशीच दिसेल, म्हणून तसा अर्थ लावला गेला, आणि तो लावण्याची सर्वांना घाईही होती, कारण प्रारणदाबाच्या अडचणीतून सुटायला चकत्या हव्याच होत्या. २००३ मध्ये जेम्स डी बायझर यांनी सोपी पण निर्णायक चाचणी केली. ठिपक्यांची रेषा ही चकती असेल, तर झोत तिला काटकोनात निघायला हवा. त्यांनी अवरक्तातील हायड्रोजन रेणूच्या उत्सर्जनावरून झोतांच्या दिशा पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी ते उत्सर्जन रेषेला काटकोनात नव्हे, रेषेच्याच दिशेने पसरलेले निघाले. काही मेसर तरी चकतीत नसून झोताच्या काठावर असावेत, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

पुढे युरोपातील दुर्बिणींचे जाळे वापरून आन्ना बार्टकिएविच आणि सहकाऱ्यांनी जी२३.६५७−०.१२७ या स्रोतात ठिपक्यांचे जवळजवळ पूर्ण वर्तुळ शोधले, आणि नंतरच्या सर्वेक्षणात तिसेक टक्के स्रोतांत कडी किंवा लंबवर्तुळे आढळली. पुन्हा चकतीची आशा वाढली. परंतु या कड्यांतले वेग निव्वळ केप्लरच्या नियमाने (ग्रहांप्रमाणे आतला भाग वेगाने, बाहेरचा सावकाश) फिरणाऱ्या चकतीसारखे नाहीत. आत येणे किंवा बाहेर जाणे यांचा वाटा त्यांत मोठा दिसतो. आकृती डोळ्यांना पटली, एवढ्यावरून तिच्यातली गती ठरत नाही, हे इथे दोनदा दिसले.

मला स्वतःला सर्वांत भरवशाचे वाटते ते मृगातील 'स्रोत १' या आदिताऱ्याचे उदाहरण. तिथे सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर आहेत, जे ताऱ्यांच्या जन्मस्थानी अत्यंत दुर्मीळ असतात आणि ताऱ्याच्या फार जवळ चमकतात. लिन मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या व्हीएलबीए जाळ्याने जवळपास दोन वर्षे महिन्यागणिक त्यांची चित्रे घेतली आणि ती जोडून चलचित्र तयार केले. ताऱ्यापासून साधारण शंभर खगोलीय एककांच्या आत फिरणारी चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी रुंद कोनात निघणारा वारा त्यात थेट दिसतो. खेदाची बाब इतकीच की असा दुसरा तितकाच सोयीचा स्रोत हाताशी नाही.

वाचनमात्र:

धागा वाचतो आहे. मधेच एक प्रश्न: हे सगळे आकार आणि वस्तुमाने अंतरावर अवलंबून असणार. धुळीत दडलेल्या, हजारो प्रकाशवर्षे दूर असलेल्या आदिताऱ्याचे अंतर कसे मोजतात?

कोनमापक:

तेही मेसरवरूनच. मेसरचा ठिपका बिंदूसारखा लहान आणि तेजस्वी असतो, त्यामुळे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याचे जे किंचित वार्षिक सरकणे दिसते, म्हणजे पराशय, ते फार दूरच्या क्वेसारच्या (दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी गाभ्याच्या) संदर्भाने मोजता येते. २००६ मध्ये डब्ल्यू३(ओएच) या ययाती भुजेतील प्रदेशाचे अंतर मिथेनॉलच्या १२ गिगाहर्ट्झच्या मेसरवरून १.९५ किलोपार्सेक ठरले, आणि अचूकता दोन टक्क्यांची होती. त्याआधी दीर्घिकेच्या परिभ्रमणावरून काढलेले अंतर याच्या जवळजवळ दुप्पट येत असे. अंतर निम्मे झाले की तेजस्विता चतुर्थांश होते. तेव्हा एका ताऱ्याचा 'जडपणा' कागदावर किती बदलू शकतो, याची कल्पना यावी. अमेरिकेचे बेसेल सर्वेक्षण आणि जपानचा व्हेरा प्रकल्प यांनी मिळून २०१९ पर्यंत सुमारे दोनशे स्रोतांचे पराशय मोजले. त्यावरून दीर्घिकेच्या भुजांचा नकाशा निघाला आणि केंद्रापासून सूर्याचे अंतर ८.१५ किलोपार्सेक आले. जड तारे भुजांतच जन्मतात, म्हणून हा नकाशा जमला.

आर्द्रा:

आता बदलांविषयी, ज्यासाठी हा धागा मुळात काढला.

चकतीतून वायू एकसारखा संथ आत येतो की मधूनमधून मोठे घास घेतले जातात, हा प्रश्न हलक्या ताऱ्यांबाबत जुना आहे. तिथे असे उद्रेक प्रत्यक्ष दिसतात. जड ताऱ्यांबाबत पुरावा नव्हता. २०१५ च्या उत्तरार्धात एस२५५ एनआयआरएस ३ या सुमारे वीस सूर्यांच्या आदिताऱ्याचा ६.७ गिगाहर्ट्झचा मेसर एकाएकी भडकल्याची बातमी जपानी निरीक्षकांनी दिली. मग अवरक्त दुर्बिणी तिकडे वळल्या, तेव्हा आदितारा स्वतःच उजळलेला आढळला. तेजस्विता सुमारे २९,००० सूर्यांवरून १,६०,००० सूर्यांपर्यंत गेली होती, आणि मुक्त झालेल्या ऊर्जेचा हिशेब दोनएक गुरू ग्रहांएवढे वस्तुमान गिळल्याशी जुळत होता. पुढे वर्षभराने त्याच आदिताऱ्याचा रेडिओ झोतही प्रखर झाला. आत पडणे आणि बाहेर फेकणे यांचा संबंध एवढा सरळ क्रमाने क्वचितच पाहायला मिळतो.

त्याच वर्षी वृश्चिकातील एनजीसी ६३३४आय मध्येही मेसर भडकले. दक्षिण आफ्रिकेतील हार्टेबीस्टहुक येथे वर्षानुवर्षे नियमित नोंदी ठेवल्या जात होत्या, म्हणून ते नेमके कधी सुरू झाले हे कळले. उद्रेकाआधीच्या चित्रांशी आल्माची नंतरची चित्रे ताडून पाहिली, तेव्हा 'एमएम१' या धुळीच्या गाठोड्याचे उत्सर्जन जवळपास चौपट झालेले आढळले. त्या गाठोड्यावर आधी ६.७ गिगाहर्ट्झचा मेसर नव्हताच, उद्रेकानंतर तो उगवला. मिथेनॉल तिथे असणार, पण त्याला पुरेसा अवरक्त प्रकाश मिळत नव्हता.

तिसरे उदाहरण सर्वांत शिकवणारे आहे. २०१७ मध्ये इटलीतील काल्यारीच्या परिषदेनंतर 'एम२ओ' नावाचे निरीक्षकांचे जाळे उभे राहिले. एखादा मेसर भडकला की जगभर निरोप जावा आणि मोठ्या दुर्बिणी लगेच तिकडे वळाव्यात, हा त्याचा हेतू. जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या इबाराकी दुर्बिणीला जी३५८.९३−०.०३ चा मेसर वाढताना दिसला. पुढच्या काही आठवड्यांत तिथे मिथेनॉलच्या अशा रेषा मेसर म्हणून सापडल्या ज्या आधी कुठेच दिसल्या नव्हत्या, त्यांत रेणूच्या आंतरिक पीळ-कंपनाने उत्तेजित झालेल्या पातळ्यांमधल्याही होत्या. बहुतेक लवकरच विझल्या. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या व्हीएलबीआय चित्रांत ६.७ गिगाहर्ट्झच्या ठिपक्यांचे कडे बाहेर पसरलेले दिसले आणि त्या पसरण्याचा वेग प्रकाशवेगाच्या चार ते आठ टक्के निघाला. एवढ्या वेगाने वायू सरकत नाही. मेसरच्या रेषा तर सेकंदाला काही किलोमीटरच्याच वेगांत राहिल्या. रस्त्यावरचे दिवे क्रमाने लागत गेले की उजेड पुढे सरकतो, खांब जागचे हलत नाहीत, तसेच हे. केंद्रात वायूचा मोठा लोट पडला, त्याची उष्णता धूळ तापवत बाहेर निघाली, आणि जिथे जिथे ती पोचली तिथला मेसर पेटला आणि आतला विझला.

शंकासुर यांच्या आक्षेपाला यातून वेगळेच वळण मिळते. मेसर दिसत नाही म्हणजे वायू नाही असे म्हणता येत नाही, ही नकाशाची कमतरता होती. उष्णतेची लाट मात्र चकतीच्या एकेका पट्ट्याला आळीपाळीने उजळवत गेली, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीची चित्रे एकावर एक ठेवून पूर्ण चकतीचा आराखडा मिळाला. रॉस बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अशाच जोडणीतून केप्लरच्या नियमाने फिरणारी, चार सर्पिल भुजांची चकती दाखवली. चकती अस्थिर होऊन तिच्या भुजांतून वायूची ढेकळे आत पडावीत हे गणकीय प्रारूपांचे म्हणणे होते, आणि इथे उद्रेक व भुजा एकाच ठिकाणी सापडल्या.

शंकासुर:

उत्तर पटले, पण एक पळवाट बंद करायला हवी. मेसर भडकला म्हणजे ताऱ्याने वायू गिळला, हे समीकरण सर्रास वापरता येईल का? लहर घातांकी वाढते म्हटल्यावर मागच्या पार्श्वभूमीत किंवा मधल्या मार्गात थोडासा फरक पडला तरी ठिपका भडकेल.

जुना निरीक्षक:

सर्रास वापरता येत नाही. पाण्याचे मेसर तर भडकतच असतात. मृगातल्या एका ठिकाणी ते अनेक वर्षांच्या खंडाने पुन्हापुन्हा प्रचंड उसळले आहेत, आणि त्याचे कारण दृष्टिरेषेवर दोन ढग एकामागे एक येणे हे असू शकते. गिळण्याचा संशय बळावतो तो एकाच वेळी अनेक वेगांचे ठिपके आणि अनेक रेषा वाढल्या तर, आणि खात्री होते ती अवरक्त किंवा मिलिमीटर तेजही वाढल्याचे दिसले तर. वरच्या तिन्ही उदाहरणांत अशी स्वतंत्र साक्ष मिळाली होती.

ठरावीक काळाने चमकणारे मेसर या दृष्टीने पाहावेत. जी९.६२+०.२०ई हा ६.७ गिगाहर्ट्झचा सर्वांत तेजस्वी स्रोत दर २४४ दिवसांनी भडकतो, हे हार्टेबीस्टहुकच्या नोंदींवरून शार्मिला खुदार्ट यांनी दाखवले. त्याचा आलेख झपाट्याने चढतो आणि सावकाश उतरतो. योहान फान देर वॉल्ट यांचे म्हणणे असे की हा उतार आयनित हायड्रोजन पुन्हा जुळून येण्याच्या गतीशी मिळतो, म्हणजे इथे मेसरची ऊर्जा बदलत नसून तो ज्या पार्श्वभूमीच्या लहरींना वाढवतो त्या बदलतात, आणि त्यांमागे जोडताऱ्यांच्या वाऱ्यांची टक्कर असावी. उलट वृषपर्वातील जी१०७.२९८+५.६३९ या मध्यम वस्तुमानाच्या आदिताऱ्यात ३४.४ दिवसांचे चक्र आहे, आणि तिथे मिथेनॉल तेजीत असताना पाणी मंद असते व पाणी तेजीत असताना मिथेनॉल. अवरक्त प्रकाश वाढला की धूळ तापते. मिथेनॉलला ते पोषक, तर टकरींवर चालणाऱ्या पाण्याच्या मेसरला मारक. म्हणून या ठिकाणी ऊर्जाच बदलते असे मानणे भाग आहे. आदितारा स्वतः स्पंदन पावतो हा तिसरा पर्याय कोहेई इनायोशी आणि सहकाऱ्यांनी मांडला आहे. त्यात आवर्तकाळ तेजस्वितेबरोबर वाढला पाहिजे, त्यामुळे पुरेसे स्रोत जमले की तो तपासता येतो. सगळ्या आवर्ती मेसरांना एकच कारण असेल असे मला वाटत नाही.

कोनमापक:

एक गोष्ट राहिली म्हणून थोडक्यात: चुंबकीय क्षेत्र. हायड्रॉक्सिलच्या रेषा झीमन परिणामाने स्पष्ट दुभंगतात आणि त्यांवरून काही मिलिगाउसचे क्षेत्र थेट वाचता येते. नेहमीच्या आंतरतारकीय अवकाशातले क्षेत्र याच्या हजारांश भागाच्या पातळीवर असते. मिथेनॉलमधला परिणाम फार सूक्ष्म आहे, आणि तो क्षेत्राच्या भाषेत कसा वाचायचा याचे सविस्तर गणित २०१८ मध्ये झाले. तोवर त्याच्या मोजमापांवरून काढलेल्या क्षेत्रांच्या आकड्यांना फारसा अर्थ नव्हता.

वाचनमात्र:

पाणी, मिथेनॉलचे दोन वर्ग आणि हायड्रॉक्सिल यांतले कोणते मेसर हजर आहेत एवढ्यावरून आदिताऱ्याचे वय सांगता येईल का?

आर्द्रा:

तसा प्रयत्न झाला आहे. सायमन एलिंगसेन आणि शारी ब्रीन यांनी मांडलेल्या क्रमानुसार ६.७ गिगाहर्ट्झचा मिथेनॉल मेसर आधी येतो, आयनित वायूचा बुडबुडा पसरू लागला की हायड्रॉक्सिल येतो आणि मिथेनॉल मावळतो. हायड्रॉक्सिल उशिरा येतो हे बऱ्यापैकी टिकून आहे. पाण्याचे आणि पहिल्या वर्गाच्या मिथेनॉलचे स्थान मात्र डळमळीत आहे, कारण झोत आदळण्याची घटना ताऱ्याच्या आयुष्यात अनेकदा घडते, आणि एकाच गाठोड्यात वेगवेगळ्या वयाचे आदितारे शेजारी शेजारी असतात. एनजीसी ६३३४आय मधील एमएम१ चे उदाहरण इथे घातले, तर अडचण आणखी वाढते: २०१४ मध्ये पाहणाऱ्याने त्या गाठोड्याला 'मिथेनॉलपूर्व' अवस्थेत टाकले असते आणि २०१६ मध्ये पाहणाऱ्याने त्याच्या पुढच्या अवस्थेत, दोन वर्षांत त्याचे वय तर बदलले नव्हते. त्यामुळे मोठ्या संख्येच्या सरासरीसाठी हा क्रम वापरायला माझी हरकत नाही, एकट्या स्रोताचे वय त्यावरून सांगायला आहे.